ऐकणारं पुस्तक

सकाळी दहाला मी क्रांती चौकाजवळच्या ऑफिसात कानाला हेडफोन लावून बसते. समोर पुस्तकाचा मजकूर, कानात यंत्राचा आवाज. उच्चार चुकला की खूण करायची, एवढंच काम. पूर्वी इथंच मी छपाईची प्रुफं तपासायची. मग आमच्या प्रकाशकांनी, राजकुमार सरांनी, छपाई जवळपास बंद केली. "लोकांना आता वाचायला वेळ नाही, करुणा. ऐकायला आहे." पुस्तक वाचून दाखवायला आता माणूसही लागत नाही. यंत्र तासाभरात अख्खं पुस्तक वाचून देतं.

फेब्रुवारीत पुंजाराम मास्तरांच्या आठवणींचं जुनं पुस्तक कामाला आलं. कारखाने येण्याआधीचं शेंद्रा गाव. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली होती.

सातव्या प्रकरणात, एका लग्नाच्या वर्णनात, आवाज मध्येच थांबला. अकरा सेकंद. मजकुरात तिथं साधा पूर्णविराम होता. मी आवाज वाढवला. त्या शांततेत कुणीतरी श्वास घेत होतं.

यंत्र श्वास घेत नाही. मी ते प्रकरण पुन्हा तयार करून घेतलं. या वेळी चौदा सेकंद, आणि शेवटी अगदी हळू, "हं?" समोरच्यानं अजून उत्तर दिलं नाही म्हणून विचारावं, तसं.

सरांनी ऐकलं. "फाइल बिघडली असेल. तेवढं काप आणि दे चढवून."

मी कापलं. पुस्तक आमच्या ॲपवर गेलं.

माझी माय, पारूबाई. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेलेत. हर्सूलच्या घरात आम्ही दोघीच. दिवसभर तिला सोबत म्हणून मी तिच्या फोनवर आमची पुस्तकं लावून जाते. मास्तरांचं पुस्तक तिला फार आवडलं. तेच पुन्हा पुन्हा लावायला सांगायची.

एका गुरुवारी अंगात कणकण होती म्हणून मी दुपारीच घरी आले. दारातच मायचा आवाज ऐकू आला.

"नाय, पोरगी सहाला येती." थोडं थांबून, "नाय, दुसरं कुणी नाय."

फोन तिच्या मांडीवर होता.

"माय, कुणाशी बोलतीस?"

"पुस्तकाशी. लई मायेनं इचारतंय."

"काय विचारतंय?"

"घरात कोण कोण हाय. तू कवा येतीस. दाराला आतून कडी हाय का."

फोनवर ते लग्नाचं वर्णन चालू होतं. मी पूर्ण प्रकरण उभ्यानं ऐकलं. त्यात एकही प्रश्न नव्हता.

मी पुस्तक फोनमधून काढून टाकलं आणि सरांना फोन लावला. "सर, मास्तरांचं पुस्तक ॲपवरून आत्ताच्या आत्ता काढा."

"आत्ताच एका बाईचा मेसेज आलाय," ते म्हणाले. "तिचे वडील आज सकाळपासून त्या पुस्तकाला उत्तरं देत बसलेत."

"मग काढा ना, सर!"

"करुणा, अशीच तक्रार आली म्हणून मी ते परवाच काढलंय."

मी मायचा फोन बंद केला. कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. दाराची कडी घातली. मग तिच्याजवळ येऊन बसले आणि तिचा हात घट्ट धरला.

वीज गेली होती. पंखा थांबलेला. घरात काहीच आवाज नव्हता.

मायनं मान जराशी कलती केली, भिंतीकडं.

"व्हय," ती हळूच म्हणाली. "हितंच हाय. माझा हात धरून बसलीय."