टिंबाआधीची तिरकी रेघ

मूलच्या बसस्टँडमागं एक अयूब राहत होता, त्याची बायको शमसुन्निसा राहत होती आणि त्यांची लेक शिरीन. तिकडं जंगलाच्या पोटात, करंजटोल्यात, रुखमाबाई राहत होती, तिची सून मंजुषा राहत होती. आणि तिचा लेक कैलास... तो होता म्हणावं की आहे म्हणावं, हाच त्या घरातला तंटा. बांबू तोडायला म्हणून गेला तो आलाच नाही. कुऱ्हाड सापडली, दुपट्टा सापडला, माणूस काही सापडला नाही.

अयूबचं झेरॉक्सचं दुकान. शिरीन चंद्रपूरला जाऊन कॉम्प्युटर शिकून आली, तेव्हापासून दुकानात टायपिंगही होऊ लागलं. करंजटोला जंगलातून उठवून बाहेर वसवायचं ठरलं, त्या साली गावच्या माणसांचा सगळा तक्ता नीट करायचं काम तिच्याकडं आलं. एका रकान्यात नाव, एका रकान्यात वय, एका रकान्यात मयत. मयतच्या रकान्यात ‘होय’ असेल तर नवं घर बायकोच्या नाहीतर आईच्या नावावर. नसेल तर ज्याचं घर त्यानं स्वतः येऊन अंगठा द्यावा. कैलासच्या पुढचा तो रकाना कोरा होता. रुखमाबाईनं कोणाला भरूच दिला नव्हता. मंजुषेचं घर तिथंच अडकलं होतं. गाव तर उठणार होतं, मग या दोघींनी जायचं कुठं?

त्या दिवशी दुपारी शिरीन कामाला बसली. गावात मेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कै.’ लिहिलेलं होतं. कुठं पुढं एक जागा सोडलेली, कुठं दोन, कुठं नावाला चिकटलेलं. वसाहतीच्या कचेरीतल्या साहेबांचं म्हणणं, मयतचा रकाना आहे ना, मग नावातलं ‘कै.’ काढून टाका. एकेक काढत बसली असती तर दिवस गेला असता. म्हणून तिनं मशीनला नमुना दिला, की असं दिसेल तिथं पुस.

आता मशीनची बोली वेगळी. तिथं टिंब म्हणजे टिंब नसतं. तिथं टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर, जे समोर येईल ते. खरंच टिंब हवं असलं तर त्याच्या आधी एक तिरकी रेघ द्यावी लागते. शिरीनला हे ठाऊक होतं. पण शेजारच्या धानाच्या मिलचा भोंगा वाजला, अम्मीनं जेवायला हाक मारली आणि तेवढी रेघ राहिली.

कै. रामाजीचा रामाजी झाला. कै. धुरपताची धुरपता झाली. वरची नावं तिनं पाहिली, ती बरोबर होती. तक्ता जपून ठेवला, मशीन बंद केलं आणि जेवायला गेली.

बाजाराच्या दिवशी रुखमाबाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

“तूच का वो ते मशीनवाली? गावाची नावं तुयापाशीच आली ना?”

“हो बाई. बसा ना.”

अयूब म्हणाला, “काय पाहिजे बाई, झेरॉक्स काय?”

“तू गप राय भाऊ. पोरीसंग बोलून राह्यली मी.” मग शिरीनकडं वळून तिनं आवाज उतरवला. “माया पोराच्या नावाले काय केलं तू?”

शिरीनला काही उमगेना.

“रोज दिवे लागाच्या वक्ताले तो फाटकापाशी येते. आत नाई येत. म्हंते, माय, मी कैलास. मंजुषाबी आयकते, तिले इचार. मी म्हंतो, आलास का बापू. मंग तो जाते. पन आता त्याले नावच घेता येत नाई. म्हंते, माय, मी... अन् पुढं नुसतं ...ास ...ास. गळ्यातून अर्धं कोनी काढून नेल्यावानी.”

शिरीननं तक्ता उघडला. कैलास कुठंच नव्हता. त्याच्या जागी ठिपक्याठिपक्यांचा एक पोकळ गोल होता, त्याला एक काना लटकलेला, आणि शेवटी स. काना एकटा राहू शकत नाही. त्याचं अक्षर गेलं की मशीन त्याला टेकायला असा रिकामा गोल देतं. ‘कै’च्या पुढचं अक्षर टिंब समजून मशीननं खाल्लं होतं. मधे मशीन बंद झालं होतं, मागं फिरायची सोय आता नव्हती.

करंजटोल्यात कैलास नावाचा आणखी एक जण होता, दुकानाशेजारच्या त्या मिलवर पोती वाहायचा. त्याच्याही नावाचं तसंच झालेलं. अयूबनं घाबरून दारातून हाक मारली.

“काय म्हंता शेठ?” चांगला खणखणीत आवाज आला. “चहा पाजता का?”

रुखमाबाई म्हणाली, “त्याले काय होते? त्याच्यापाशी आंग आहे. माया पोरापाशी नावच उरलं होतं.”

शिरीननं नाव लिहायला हात पुढं केला, तर म्हातारीनं तो धरला. “आधी घरी चाल. सारे मले येडी म्हंतेत. तू आयक, मंग लिही.”

अयूबनं दोघींना लुनावर बसवून नेलं आणि स्वतः गावाच्या तोंडाशी थांबला. पुढं यायला तो काही तयार झाला नाही.

उजेड झाडांवरून उतरत होता. मंजुषेनं दिवा लावला आणि भिंतीला पाठ लावून बसली. आधी वास आला, नुकत्या तोडलेल्या ओल्या बांबूचा. फाटक बांबूचंच, पण ते तर वाळून पांढरं पडलेलं होतं. मग रातकिडे थांबले.

“माय...”

आवाज तरण्या माणसाचा होता, थकलेला.

“माय... मी... ास... ास...”

फाटकापलीकडं कोणी दिसत नव्हतं. आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा आणि तिथंच अडकायचा. लहान पोरगं पहिल्यांदा बोलायला शिकतं तसा.

“कशाची आस म्हंते हो तो?” मंजुषा हळूच म्हणाली.

“आस नाई वो माय. नाव घेऊन राह्यला,” रुखमाबाई म्हणाली.

“...ास... ास...”

रुखमाबाई उठली. इतके दिवस ती दारातूनच बोलायची. आज फाटकापर्यंत गेली आणि त्या वाळल्या बांबूवर हात ठेवून उभी राहिली.

“बापू,” ती म्हणाली, “मले नाव सांगू नोको. कोन आहे तू, मले माईत आहे. पोटातून काढला मी तुले.” तिनं फाटकावरचा हात काढला. “मी धरून ठेवला तुले. तिले घर पायजे रे... जाय आता.”

मग बांबूचा वास कमी होत गेला, आणि रातकिडे पुन्हा लागले.

दुसऱ्या दिवशी तिघी दुकानात बसल्या. शिरीननं दोन्ही कैलासांची नावं हातानं लिहिली, एकेक अक्षर बघून. मग रुखमाबाईच्या कैलासपुढच्या कोऱ्या रकान्यात बोट आणून थांबली.

“लिही,” रुखमाबाई म्हणाली.

“काय लिहू बाई?”

“होय म्हून लिही.”

मंजुषा पदरात तोंड घालून रडली. म्हातारी रडली नाही. तिनं आपल्या पदराच्या टोकानं मशीनची काच पुसली, नाव होतं तेवढीच.

त्यानंतर फाटकाशी कोणी आलं नाही. रुखमाबाई तरी दिवे लागले की दारात जाऊन बसायची. गाव उठेपर्यंत बसली.

मग दिवस पालटले. मंजुषेच्या नावावर घर झालं, पक्कं, पत्र्याचं, अंगणात नळ. धानाचा एक तुकडा मिळाला, तो पिकला. शाळेत पोरांचा भात रांधायचं काम मंजुषेला लागलं. दोघी सासू-सुना पोटभर जेवू लागल्या, अंगावर मांस आलं. ईदला शिरीन शेवया घेऊन जायची, तर म्हातारी तिला उपाशी परत येऊ देत नसे.

त्या घरात सकाळी उठावं तर चुलीवर आंघोळीचं पाणी तापलेलं असायचं. मंजुषेला वाटे माय लवकर उठते. मायला वाटे सून उठते. मागं एका लग्नाला दोघी मुलचेऱ्याकडं गेल्या, घराला कुलूप होतं, उजाडता उजाडता परतल्या. कुलूप काढलं. चूल पेटलेली, पाणी कढत होतं, आणि घरात नुकत्या तोडलेल्या ओल्या बांबूचा वास.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

“आधी तू घे,” रुखमाबाई म्हणाली. “थंडं नोको होऊ देऊ.”