ताफ्याची साक्ष

समुद्रावर खरं काय आहे ते डोकी मोजून ठरवायचं, हा नियम तुम्ही केलात. तुम्हीच. गार खोलीत बसून, खिडकीतून जेवढा दिसतो तेवढाच समुद्र बघून. तुमच्यापैकी एक जण तरी कधी बोटीच्या कठड्यावर वाकून ओकला आहे का? ओकला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. आता ऐका. मध्येच उठून जाऊ नका.

वेळणे बंदराची 'भागीरथी' घराकडे परतत होती तेव्हा दुपार कलली होती. सुकाणूवर रोहिदास चौलकर, बोटीचा तांडेल. त्याची धाकटी बहीण वैदेही शेजारी कठड्याला टेकून बसलेली. ती सागरी यंत्रांची इंजिनियर, शहरात नोकरीला. दरवर्षी गावदेवीच्या पालखीला सुट्टी काढून यायची. या वेळी हट्टानं भावाबरोबर मासेमारीला आली होती. डेकवर दोन खलाशी जाळं आवरत होते. वेळण्याच्याच आणखी दोन बोटी मागून येत होत्या. त्यांचे वडील दामोदर चौलकर आपली जुनी 'एकवीरा' घेऊन पहाटेच पुढे निघून गेले होते. पालखीला पहिला खांदा त्यांचा असे आणि तो मान त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता.

अचानक इंजिनाचा आवाज बसला. बंद पडला नाही; बसला. बोट चालत राहिली, पण दमेकरी माणूस चढण चढतो तशी.

"काय झालं गो याला?" रोहिदासनं वेगाचा खटका पुढे ढकलला. काही फरक नाही. "तू खाली काही हात लावलास का?"

"मी इथं तुझ्यासमोर बसलेय, दादा."

समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली होती: दाबवेधक सदोष. ताफ्याचे मूल्य वापरले. सुरक्षित गती लागू.

वैदेही खाली उतरली. हे इंधनफवारा इंजिन होतं. अशा इंजिनात डिझेल आपणहून वाहत जात नाही. नियंत्रक नावाची सीलबंद पेटी ते मोजून फवारते. किती फवारायचं हे हवेवर अवलंबून, आणि हवेचा दाब सांगतो दाबवेधक: हवेच्या नळीवर बसवलेला, काडेपेटीपेक्षा लहान तुकडा. तो चुकला की सगळा हिशेब चुकतो.

तिनं वेधकाची जोडणी उपसली. खाऱ्या हवेनं टोकांवर हिरवा गंज चढतो. इथं टोकं लखलखीत होती. मीटर लावला. विजेचा पुरवठा बरोबर होता. तार कुठे घासली असेल म्हणून बोटांनी चाचपत शेवटपर्यंत गेली. तार अखंड. मग तिनं हत्यारांच्या पेटीतून कोरा वेधक काढून बसवला, चावी बंद करून पुन्हा फिरवली.

पडद्यावर तीच लाल अक्षरं.

"नवाही खराब?" रोहिदास वरून ओरडला. "कुठून आणलास, जत्रेतून?"

वैदेही हसली नाही. दोन वेधक एकाच वेळी, एकाच आकड्यानं चुकत नाहीत. तिनं खिशातला फोन काढला. त्यातही दाब मोजायची सोय असते, कुणी वापरत नाही एवढंच. आकडा तोच होता. ताफ्याच्या आकड्यापेक्षा चौदा मिलिबारनं खाली.

ती वर आली. तोंड पांढरं पडलं होतं.

"दादा, वेधक ठणठणीत आहे. दाब खरंच पडलाय. मागे वादळ उठतंय."

रोहिदासनं मागे पाहिलं. क्षितिज गढूळ चहासारखं दिसत होतं. लाटा उंच नव्हत्या, पण लांब झाल्या होत्या, आणि वाऱ्याला शिट्टीचा सूर लागला होता. "हवामानात तर काहीच नाही. सकाळपासून 'समुद्र शांत'च सांगतायत."

"सांगणारच. त्यांचा नकाशा आपल्याच बोटींच्या वेधकांवर बनतो. आणि ज्याचा आकडा बाकीच्यांशी जुळत नाही, तो आकडा नकाशावर जातच नाही."

"म्हणजे?"

"याला ताफासाक्ष म्हणतात. एका बंदराच्या सगळ्या बोटींचे नियंत्रक एकमेकांना आपापला दाब कळवतात. जास्त बोटी जे सांगतील ते खरं. वेगळं सांगेल तो वेधक खराब धरायचा, आणि इंजिन लंगडं चालवायचं, जळू नये म्हणून."

"आपल्यासारख्या कितीजणी?"

तिनं पडदा चाळला. "तीन. आपण आणि मागच्या दोघी. त्याही लंगड्याच झाल्यात. समोर अडतीस."

"अडतीस? आज समुद्रावर अडतीस बोटी आहेतच कुठे? पालखीला सगळ्या धक्क्याला..." रोहिदास बोलता बोलता थांबला.

दोघांनाही एकदमच कळलं. पालखीच्या दिवशी वेळण्याच्या धक्क्याला प्रत्येक बोट नवरीसारखी नटते. झेंडूच्या माळा, रंगीत बल्ब, टपावर स्पीकर. आणि दिवे, स्पीकर चालायचे तर चावी अर्धी फिरवून ठेवावी लागते. इंजिन बंद, पण नियंत्रक जागा. जागा नियंत्रक साक्ष देतो. धक्क्याला बांधलेल्या बोटी गाणी वाजवत एकमुखानं सांगत होत्या, हवा छान आहे. तुमच्या कलमात लिहिलं आहे ना, 'चावी चालू ती बोट समुद्रावर'?

"पेटी तोडून टाक," रोहिदास म्हणाला.

"तोडली की इंजिन कायमचं बंद. संपर्क तुटला तरी बंद. चोरी होऊ नये म्हणून."

"चोरी!" रोहिदास समुद्रात थुंकला. "या चालीनं वादळ आपल्याला गाठणार, वैदू."

"त्यांनी चाव्या बंद केल्या तर त्यांची साक्ष जाईल. मग जास्त आपण."

रोहिदासनं वायरलेस उचलला. त्याची बायको कल्पना धक्क्यावर माहेरच्या बोटीत माळा बांधत असणार. त्यानं हाका मारल्या. उत्तराला नुसती खरखर, तिच्यामागे ढोल आणि कर्कश गाणं. पुन्हा मारल्या. एक लाट कठड्यावरून आत आली आणि खलाशांच्या पायांतून वाहून गेली. त्यातला एक देवीचं नाव पुटपुटू लागला.

"कोण ओरडतंय एवढं?" अखेर कल्पनाचा आवाज आला. "पालखी उठायची वेळ झाली, कुठे आहात तुम्ही? बाबा बघा, आलेसुद्धा. एकवीरा खाडीच्या मुखाशी दिसतेय."

"ऐक! सगळ्या बोटींच्या चाव्या बंद करायला लाव. सगळ्या!"

"दिवे घालवू? आज? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? लोक मला खाडीत बुडवतील."

वैदेहीनं वायरलेस हिसकावला. "वहिनी, वादळ मागे लागलंय आणि इंजिनाला जोर नाही. चाव्या बंद झाल्या तर येतो जोर. का ते आल्यावर सांगते. आलो तर."

मग कल्पनाचा आवाज, वायरलेस हातात तसाच, दुसऱ्या कुणावर तरी फाटलेला: "अरे बंद करा मेल्यांनो! चाव्या काढा! पोरं समुद्रात आहेत!"

वैदेही पडद्याला डोळे लावून बसली. अडतीस. मग तीस. मागे आकाश काळं होत होतं. मागच्या दोन बोटी दिसेनाशा झाल्या होत्या, फक्त त्यांची साक्ष पडद्यावर शिल्लक होती. एकवीस. वेळण्याच्या धक्क्यावर एकेक गाणं मरत होतं. नऊ. चार. तिथं आकडा अडला.

"काढा रे," ती दातांवर दात दाबून म्हणाली. "काढा."

तीन. मग दोघी एकदमच गेल्या: तीन विरुद्ध एक.

इंजिन गरजलं. भागीरथीनं नाक उचललं, खलाशी एकमेकांवर आदळले.

"एक कोण राहिलं?" रोहिदासनं विचारलं.

"विसरला असेल कुणीतरी. असू दे, आता त्याचं काही चालत नाही."

वादळाच्या पुढे पळत ते आले. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. उधाण असलं की लाट तिथं फुटते, आणि तो ओलांडायचा तर पूर्ण जोरानं, एका दमात ओलांडायचा. हे वेळण्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वादळाच्या लाटा वादळाच्या आधीच तिथं येऊन पोचल्या होत्या. मुखाशी हवेचा दाब मात्र अजून धक्क्याएवढाच होता.

दांड्याच्या आतल्या अंगाला एक बोट पालथी पडली होती. तळाचा निळा रंग रोहिदासनं स्वतः लावलेला. त्यानं सुकाणू सरळ धरून पूर्ण जोरानं दांडा ओलांडला.

मागच्या दोन बोटी घरी पोचल्या. 'एकवीरा'चा खलाशी पोहून किनाऱ्याला लागला. "इंजिन मेलं नाही," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "बरोबर दांड्यावर असताना नुसतं बसलं. दामोदरतात्या म्हणाले, अरे, याला काय झालं? आणि बोट आडवी झाली." दामोदर चौलकर सापडले ते वादळ ओसरल्यावर. त्यांचा पहिला खांदा कुणी घेतला नाही. पालखी उठलीच नाही.

पुढे वैदेहीनं 'एकवीरा'ची सीलबंद पेटी उघडली. तुमचं सील तिनं तोडलं, हा गुन्हा तिला कबूल आहे. पेटीनं राखलेली शेवटची नोंद अशी: दाबवेधक सदोष. ताफ्याचे मूल्य वापरले. सुरक्षित गती लागू.

'एकवीरा'चा वेधक चांगला होता. भागीरथीचाही चांगला होता. दुपारी अडतीस जणींनी मिळून तिघींना खोटं ठरवलं. संध्याकाळी तिघींनी मिळून एकीला. 'असू दे' असं त्या एकीबद्दल वैदेही म्हणाली होती. ती आता रात्री झोपत नाही. तुम्ही झोपता का?

तुमचं पत्र आलं आहे. यंत्रणेनं नियमानुसार काम केलं, असं त्यात लिहिलं आहे. आणि सुधारणा जाहीर केली आहे: यापुढे धक्क्याला बांधलेल्या बोटींची साक्ष मोजली जाणार नाही. अभ्यासाअंती घेतलेला निर्णय, म्हणे. त्या संध्याकाळी कल्पनानं धक्क्यावर ओरडून नेमकं हेच केलं होतं. तुमची सुधारणा त्याच दिवशी, तुमच्या आधी, आम्ही वेळणेकरांनी करून पाहिली. त्या सुधारणेनंच दामोदरतात्या गेले.

ही सुधारणा आता सगळ्या किनाऱ्याला लागू होणार. दरवर्षी कुणीतरी एक बोट सगळ्यांच्या आधी मुखाशी पोचणार, किंवा सगळ्यांच्या मागे एकटी राहणार. तिचा वेधक खरं सांगेल, आणि म्हणूनच खोटा ठरेल. त्या बोटीवरच्या माणसाला दांड्यावर किती जोर मिळायचा, हे तुम्ही कुणाला विचारून ठरवणार आहात?

पुन्हा नियमाचा क्रमांक पाठवू नका. उत्तर द्या.