मावशीच्या फोटोवरचं पाणी

हे खरं आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मी यात पदरचं काही घातलेलं नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं ती ओर्नेल्ला, माझी सख्खी मावसबहीण. आम्ही दोघी उत्तर इटलीतल्या तोरिनोच्या. गेल्या सप्टेंबरात ती एकटीच नापोली बघायला गेली होती. सहल छान चालली होती. सगळं बिघडलं ते शेवटच्या तीन दिवसांत.

आणि एक सांगते, यातलं काहीही रात्री घडलेलं नाही. सगळं भर दुपारी घडलं. नापोलीत जेवणं झाली की खिडक्या लागतात, दुकानं बंद होतात, गल्ल्या ओस पडतात. तिथली जुनी माणसं पोरांना दटावतात, की आता बाहेर जाऊ नका, या वेळेला रस्ता आपला नसतो.

ओर्नेल्लानं मला हे तिच्या स्वयंपाकघरात सांगितलं. मी गेले तेव्हा ती पीठ मळत होती. भिंतीवर मावशीचा, म्हणजे तिच्या आईचा फोटो होता. त्याच्या काचेवर पाण्याचे थेंब आले होते.

"ब्रूना, पूस गं जरा. माझे हात पिठाचे आहेत."

मी रुमाल घेऊन पुसलं.

ती एकदम रडायलाच लागली. मला वाटलं, आईच्या आठवणीनं.

मग तिनं हात धुतले, माझ्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं.

ओर्नेल्लानं लग्न केलं नाही. मावशी अंथरुणाला खिळली आणि हिचं सगळं तारुण्य त्या खोलीत गेलं. औषधं, बेडपॅन, सूप. मावशीला ताप चढला की ही रात्र रात्र तिचं कपाळ पुसत बसायची. "झालं हं, झालं," असं म्हणत. मावशी गेल्यावर आम्ही सगळे तिच्या मागे लागलो, आता तरी बाहेर पड, जग बघ. तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी बॅग भरली.

नापोलीच्या जुन्या भागात, एका अरुंद गल्लीत तिनं खोली घेतली होती. तिसऱ्या मजल्यावर. घरमालकीण चौथ्यावर राहायची. दोन्ना तितीना. दोन्ना म्हणजे तिकडे मानानं म्हणायचं बाई. जाडजूड, सत्तरीची, गुडघ्यांनी बेजार. जिना उतरायचा म्हणजे तिला संकट वाटायचं. त्यामुळे ती खिडकीतून दोरीला बांधून टोपली खाली सोडायची आणि गल्लीतला कुणीतरी त्यात पाव, भाजी ठेवायचा. ओर्नेल्ला आल्यावर टोपली गल्लीपर्यंत जाईनाच. मध्येच तिच्या खिडकीपाशी थांबायची.

"ए तोरिनोवाली! उठलीस का? का तुमची ती मक्याची पोलेंता खाऊन अजून घोरतेयस?"

ओर्नेल्ला हसत हसत टोपलीत कॉफीचा थर्मास ठेवायची, कोपऱ्यावरच्या बेकरीतली गरम, गोड स्फोल्यातेल्ला ठेवायची. कप्पी किरकिरत टोपली वर जायची.

रोज संध्याकाळी ती वर गप्पा मारायला जायला लागली. म्हातारीनं तिच्याकडून सगळं काढून घेतलं. आई, आजारपण, एकटेपण, सगळं. ऐकताना तिनं ओर्नेल्लाचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले होते.

"या हातांना सेवेची सवय आहे गं पोरी," ती म्हणाली. "आजपासून तू माझी लेक. समजलं? घरचीच."

किती वर्षांनी तिला कुणी लेक म्हटलं होतं! त्या रात्री ओर्नेल्लानं मला फोन केला. "ब्रूना, इथे मला माणूस मिळालं गं," म्हणाली. मी तिला चिडवलं, की बघायला गेलीस समुद्र आणि बघत बसलीस म्हातारी.

गुरुवारी दोन्ना तितीनानं तिला एक काम सांगितलं.

"माझी रोसारिया आहे ना, तिला एवढं फूल देऊन ये. मला काही तळघर उतरवत नाही."

गल्लीच्या टोकाला चर्च होतं. त्याच्या तळघरात कवट्या होत्या. कधीकाळी प्लेगात मेलेल्या, नाव ना गाव अशा माणसांच्या. नापोलीच्या बायका त्यातली एखादी आपली मानतात. तिला नाव ठेवतात, फुलं वाहतात, तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतात आणि बदल्यात गाऱ्हाणी सांगतात. दोन्ना तितीनाची ती रोसारिया. आम्ही उत्तरेकडचे लोक या सगळ्याला हसतो. ओर्नेल्लाही मनात हसलीच. पण म्हातारीचं मन कशाला मोडा?

"हा रुमालही ठेव जवळ," दोन्ना तितीना म्हणाली. "खाली फार उकडतं."

ती गेली तेव्हा दुपार टळटळीत होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

तळघरात मात्र थंडगार होतं. अजिबात उकडत नव्हतं.

रोसारियाचं नाव लिहिलेला कोनाडा तिला लगेच सापडला. सगळ्या कवट्या धुळीनं माखलेल्या, कोरड्या. आणि ही एकच...

ओली.

कपाळावर घामाचे थेंब होते. एक थेंब तिच्या डोळ्यांदेखत खाली ओघळला.

घाबरायला हवं होतं. ती घाबरली नाही. तिचा हात आपोआप पुढे गेला, वर्षानुवर्षांच्या सवयीनं. तिनं रुमालानं ते कपाळ पुसलं आणि तोंडातून निघून गेलं, "झालं हं, झालं."

तेवढ्यात अगदी मानेजवळ कुणीतरी...

सुस्कारा सोडला.

सुटल्यासारखा.

मागे कुणी नव्हतं. तिनं फूल ठेवलं, रुमाल तिथेच कोनाड्यात टाकला आणि पळत वर आली. संध्याकाळी दोन्ना तितीनाला सांगितलं तर म्हातारीनं तिला छातीशी घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पुसलंस ना? गुणाची गं माझी बाय."

शुक्रवारी सकाळी टोपली आली नाही.

हाक नाही. थट्टा नाही. कप्पीचा आवाज नाही.

ओर्नेल्लानं वर जाऊन दार वाजवलं. कुलूप होतं. जिना उतरताना जी बाई देवाचा धावा करायची, ती सकाळी सकाळी गेली कुठे? बरंबिरं नसेल का? दवाखान्यात नेलं असेल का? दिवसभर ती कुठे फिरायला गेली नाही. शेवटचे दोन दिवस उरले होते आणि ही खिडकीत बसून म्हातारीची वाट बघत होती!

जेवणाची वेळ टळली. समोरच्या खिडक्या एकेक करून लागल्या. गल्ली चिडीचूप झाली.

आणि मग...

किर्र... किर्र...

कप्पी!

टोपली हळूहळू खाली येत होती. ओर्नेल्लाच्या जिवात जीव आला. "होतात कुठे तुम्ही? मी इथे काळजीनं मरतेय!" असं म्हणत ती खिडकीतून वाकली.

टोपली तिच्यासमोर थांबली.

आत तो रुमाल होता. तळघरात टाकून आलेला. ओलाचिंब.

तिनं वर पाहिलं. चौथ्या मजल्यावरची खिडकी गच्च बंद होती. दोरी त्या बंद फळ्यांच्या आतून येत होती.

"दोन्ना तितीना?"



टोपली हलली. एकदा. पुन्हा एकदा. आजारी माणूस घंटी वाजवतं ना, कुणी लवकर आलं नाही की, तशी हट्टानं. मावशी अशीच वाजवायची. ओर्नेल्लाला तो ठेका पाठ होता.

रुमाल कधी हातात घेतला ते तिला कळलंच नाही. ती जिना धडधडत उतरली आणि खालच्या कॉफीच्या दुकानात शिरली. सावेरियो, दुकानाचा मालक, अर्धं शटर ओढून आत पेंगत होता.

"दोन्ना तितीना कुठे आहेत?"

"ती? पहाटेच सालेर्नोला गेली, बहिणीकडे. कायमची." तो जांभई देत म्हणाला. "बॅग स्वतः उचलून. मी म्हटलं, काय गं, गुडघे नवीन बसवलेस का? तर म्हणते कशी, ओझं उतरलं बाबा माझं! अहो, नाचत गेली..."

बोलता बोलता त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं.

तो मागे सरकला आणि शटरच्या लोखंडाला हात लावून उभा राहिला. तिकडचे लोक अशुभ दिसलं की लोखंडाला हात लावतात.

"बाई... पुसलंत तुम्ही? रोसारियाचं कपाळ?"

"हो. का?"

"अरे देवा. आणि मला वाटायचं म्हातारी तुम्हाला खरंच..."

त्याच्याकडे तितीनाच्या बहिणीचा नंबर होता. त्यानं फोन लावून दिला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

दोन्ना तितीनानं उचलला. आवाज अगदी ताजातवाना होता.

"पोरी, जेवलीस का?"

"तुम्ही मला काय करायला लावलंत?"

"मी कुठे लावलं? मी फूल द्यायला सांगितलं. पुसलंस तू, आपल्या मायेनं." मग म्हातारीचा आवाज खाली आला. "तिला कुणीतरी लागतं गं. कपाळ पुसायला. रोज. मी तीस वर्षं पुसलं, गुडघे गेले तरी रोज दुपारी कशीबशी उतरून. माझ्या सासूनं मला असंच दिलं होतं, न सांगता. सांगितलं तर ती जात नाही."

"मग मीच का? मी तर परकी होते!"

"परक्याच्या हातून ती पुसून घेत नाही. घरचं माणूस लागतं." ती म्हणाली, "म्हणून तर तुला लेक मानलं. खरंच मानलं हो, खोटं नाही. तुलाही कुणी नाही, तिलाही कुणी नाही. मी दोघींचं भलंच केलं."

आणि तिनं फोन ठेवला.

ओर्नेल्ला मला म्हणाली, "ब्रूना, मला भुताची भीती नाही वाटली त्या क्षणी. मला फक्त ते हात आठवले. माझे हात धरून ऐकत बसली होती ती. मी आईबद्दल बोलत होते आणि ही बाई माझे हात पारखत होती."

शनिवारी ती पुन्हा तळघरात गेली. रोसारियाची कवटी कोरडी ठणठणीत होती. बाकीच्यांसारखीच, धूळ बसलेली. तिनं रुमाल तिच्यापुढे ठेवला, हात जोडले, रडली, भांडली. काही झालं नाही. तिथे कुणी नव्हतंच.

रविवारचं तिकीट टाकून ती त्याच दुपारच्या गाडीनं निघाली. समुद्रही धड बघितला नाही तिनं.

रात्री तोरिनोला घरी पोचली ती तशीच झोपली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात आली.

भिंतीवर मावशीचा फोटो होता.

फोटोतल्या मावशीच्या कपाळावर...

घाम.

त्या दिवसापासून रोज दुपारी. पुसला नाही तर आतल्या खोलीत मावशीची जुनी घंटी वाजायला लागायची. ती घंटी ओर्नेल्लानं कधीच देऊन टाकली होती.

एवढं सांगून ओर्नेल्ला थांबली. मी तिला जवळ घेतलं. हे सगळं मनाचे खेळ आहेत, इतकी वर्षं आजारपण काढलंस, डोक्यावर परिणाम होणारच, वगैरे वगैरे बोलले. तिनं ऐकून घेतलं. निघताना दारात तिनं मला मिठी मारली.

बराच वेळ सोडलं नाही.

"तू माझी सख्ख्याहून सख्खी आहेस गं," म्हणाली.

मी जिना उतरले, ट्रामच्या थांब्यापर्यंत आले. आणि तिथे माझे पाय जागच्या जागी थांबले.

फोटो.

तिचे पिठाचे हात.

"ब्रूना, पूस गं जरा."

आधी पुसायला लावलं. मग सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. उचलला नाही. परवा तिनं एक फोटो पाठवला. लिस्बनहून, एकटीच, मागे समुद्र. इतकं मोकळं हसताना मी तिला लहानपणापासून पाहिलं नव्हतं. खाली एक ओळ होती: "मला माफ कर. घरचं दुसरं कुणी नव्हतं."

मी तो फोटो पुसून टाकला. काय करणार होते? आम्ही एका ताटात जेवलेल्या बहिणी. तिच्या नावानं बोटं मोडते आणि मग रडते.

माझ्या बैठकीत माझ्या लग्नाचा फोटो आहे. नवरा कोरडा आहे त्यात. मी नाही.

आता रोज जेवण झालं की मी खुर्ची ओढून त्या फोटोसमोर बसते. हातात रुमाल असतो. काल मुद्दाम पुसलं नाही, बघू तरी काय होतं म्हणून.

आमच्या घरात घंटी नाही. कधीच नव्हती.

आज सकाळी माझ्या लेकीचा, मार्ताचा निरोप आला. ती मिलानोला नोकरी करते, महिन्यातून एखाद्या वेळी येते.

"आई, रविवारी जेवायला येतेय. गेल्या वेळी तुझी कंबर दुखत होती ना? तू काही करू नकोस. घरातली सगळी धूळ मीच पुसून देईन."

दुपार होत आली आहे. मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही.