छपरावरची डिश

बसा, चहा सांगितलाय. पिरनवाडीतल्या माझ्या दुकानात जुने कॉम्प्युटर येतात, मी त्यांवर लिनक्स ही प्रणाली चढवतो. पैसा लागत नाही आणि म्हातारं यंत्रही पळतं. शिकलो ठेचा खाऊनच.

जांबोटीच्या मारुतीरावांना असाच एक दिला होता, आत टीव्हीचं कार्ड घालून. ते उन्हाळ्यात वारले. श्रावणात त्यांच्या बायकोचा, नागुआक्कांचा, बसवाल्याकडून निरोप आला. नात सौम्या आज संध्याकाळी दूरदर्शनवर गाणार, आणि पडदा काळा. तिथं मोबाइलला रेंज नाही. गाणं चुकलं की चुकलं.

पोचलो तेव्हा पावसानं चारलाच अंधारलेलं. घरात ओल्या घोंगड्याचा वास. दोष लगेच सापडला. आक्कांच्या मुलानं शहरात उद्यमबागेतल्या दुकानात नेऊन लिनक्सची नवी आवृत्ती चढवली होती, आणि कार्डाचा ड्रायव्हर तिच्यासाठी पुन्हा बांधायचा राहिला होता. ड्रायव्हर म्हणजे आपल्याकडचा दुभाषी हो. कार्ड कन्नड बोलतं, लिनक्स मराठी. साहेब बदलला की दुभाषी नव्यानं नेमावा लागतो.

बांधला. कार्ड ओळखलं गेलं, पण सिग्नल शून्य. छपरावरची डिश वाऱ्यानं फिरलेली.

"मी चढतो, आक्का."

"बसा हो पावणं. कौलं निसरडी हाईत." त्या दारात गेल्या आणि वर तोंड करून ओरडल्या, "अवो! जरा देवळाकडं!"

सवय, दुसरं काय! जन्मभर नवरा वर, बायको खाली. मला हसू आलं.

वर कौल करकरलं... पडद्यावरचा आकडा हलला. वीस. चाळीस.

"लई झालं! मागं घ्या... बास!"

सौम्या दिसली. गाताना मान आजोबांसारखीच तिरकी. आक्का पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या. मी पडदा सोडून छताकडं बघत होतो.

गाणं मध्यावर आलं, आणि पावसाच्या आवाजाखालून वर कुणीतरी विचारलं, "दिसली व्हय गं?"

"दिसली की. लई ग्वाड गाती."

वर कौल पुन्हा करकरलं. मग हळू... "मला न्हाय दिसली..."

आक्कांनी डोळे पुसले. "मग तितं काय करताय? या की आत."

शिडी वाजली. एक पायरी... दुसरी... मी दाराकडं बघितलं नाही. बसायला दोन दगडांवर आडवी टाकलेली फळी होती. तिच्या टोकाला सरकलो, घरधन्याला करावी तशी जागा केली. तंबाखूचा वास आला. आणि पलीकडं कुणी टेकावं तसं फळीचं माझ्याकडचं टोक हळूच वर उचललं गेलं.