चारशे सतरा नंबरची किटली

“हलू नका! आहात तिथेच उभे राहा… श्वास घेतलात तरी चालेल, पण पाऊल उचलायचं नाही.”

संग्रहालयाच्या तळमजल्यावरच्या बोळातून दिव्याचा उंच स्टँड ओढत, पाठमोरा चालत येणारा तो माणूस जागच्या जागी थिजला. त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर एक ढकलगाडी होती. गाडीत मऊ गाद्यांवर निजवलेली अकरा जुनी भांडी होती, आणि गाडीमागे ती होती. पांढरे हातमोजे, नाकावर घसरलेला चष्मा आणि चेहऱ्यावर शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरचे भाव. तिनं गाडी इंचाइंचानं मागे घेतली, बाजूच्या खोलीत नेली, एकेक भांडं उचलून फळीवर ठेवलं, वहीत नोंद केली. दहा मिनिटांनी बाहेर येऊन पाहते तर काय, तो तसाच उभा!

“अहो, तुम्ही अजून इथेच?”

“तुम्हीच म्हणालात, हलू नका. पुढचं काही बोलला नाहीत.”

“मग आता हला.”

“हललो असतो हो… पण पाय झोपलाय.”

आपल्याला तेव्हा अजिबात हसू आलं नव्हतं, असं ती नंतर छातीठोकपणे सांगत असे. आलं होतं. फक्त खोलीत परत जाऊन, दार लावून घेऊन ती मग हसली.

तशी ती नाकावर माशी बसू न देणारी. गेली नऊ वर्षं संग्रहालयातला भांड्यांचा विभाग तिच्या ताब्यात होता, आणि नऊ वर्षांत एका वाटीलाही नवा पोचा आलेला नव्हता. सहकारी तिला पाठीमागे ‘टाचणी’ म्हणत. हे तिला ठाऊक होतं. टाचणी लागली की माणूस जागा होतो, एवढंच तिचं त्यावर म्हणणं होतं.

आणि तो होता फोटोग्राफर, पाच महिन्यांच्या करारावर आलेला. संग्रहालयात वस्तू नऊ हजार आणि काचेच्या कपाटांत जागा जेमतेम सहाशेंना. बाकीच्या तळमजल्यावर, अंधारात. संग्रहालयाच्या संचालिकांनी, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या मॅडमनी, ठरवलं की जे कपाटात मावत नाही ते वेबसाइटवर ठेवायचं. कुणीही घरबसल्या बघावं, गोल फिरवावं, हवं तेवढं मोठं करावं. सुरुवात भांड्यांपासून.

तिनं आधी नाक मुरडलं होतं. भांडं म्हणजे काय फोटोत बघायची गोष्ट आहे? पण मग तिला आत्या आठवली. आत्या म्हणजे तिची सख्खी आत्या, तिला लहानाची मोठी करणारी, गणिताची निवृत्त शिक्षिका. दर रविवारी बोटाला धरून ती या छोकरीला इथे घेऊन यायची. आता दोन वर्षं झाली, गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आत्या खाली उतरलीच नव्हती. आत्या येऊ शकत नाही तर भांडी आत्याकडे जाऊ देत… असा विचार करून तिनं होकार दिला.

काम मोठं चिकाटीचं होतं. चकाकत्या भांड्याचा फोटो काढणं म्हणजे वैताग, कारण समोर जे असेल ते सगळं त्यात दिसतं. दिवे दिसतात, कॅमेरा दिसतो, फोटो काढणाराही दिसतो. म्हणून भांड्याभोवती पांढऱ्या कापडाचा छोटा तंबू उभारायचा, कॅमेऱ्याच्या भिंगापुरतं भोक ठेवायचं, भांडं फिरत्या चकतीवर ठेवायचं आणि थोडं थोडं फिरवत छत्तीस फोटो घ्यायचे. भांड्याला हात फक्त तिनं लावायचा. त्यानं दोन पावलं दूर उभं राहून कॅमेऱ्याचं हातातलं बटण दाबायचं. नंतर तिनं आपल्या टेबलापाशी बसून प्रत्येक फोटो चौपट मोठा करून, डोळ्यांत तेल घालून तपासायचा आणि एक तक्ता भरायचा. त्यात रकाने तीन: क्रमांक, दोष, उपाय. दोष नसेल तर ‘ठीक’ लिहून सही.

पहिल्याच आठवड्यात तिनं त्याचे एकेचाळीस फोटो नापास केले.

‘दोष: तळाशी सावली. उपाय: दिवा खाली घ्यावा,’ असं तिनं लिहिलं, की तक्ता परत यायचा तेव्हा खाली त्याचं गिचमिड अक्षर असायचं: ‘घेतला. आता सावली फक्त माझ्या मनावर आहे.’

‘तक्त्यात शेरे मारू नयेत.’

‘मग कुठे मारावेत?’

यावर तिनं लाल शाईनं एक उद्गारचिन्ह काढलं आणि दिवसभर आपण असं का केलं म्हणून स्वतःवरच चिडली.

काम करताकरता तो विचारायचा, “याची गोष्ट काय?” आणि एरवी तोंडातून शब्द मोजून काढणारी ती सांगत सुटायची. हा तांब्या डाव्या बाजूनंच झिजलाय, म्हणजे वापरणारी बाई डावखुरी असणार. या डब्याच्या झाकणाला आतून ओरखडे आहेत, कुणीतरी चोरून उघडत असणार.

“हे सगळं वेबसाइटवर का नाही?” त्यानं एकदा विचारलं. “तिथे नुसतं उंची, वजन, धातू. तुम्ही आत्ता बोललात तस्संच लिहा ना.”

“मी बोलते तसं? कोण वाचणार ते?”

“मी तर रोज ऐकतो.”

तिनं चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

पण तिनं तसं लिहिलं, आणि लोकांची पत्रं यायला लागली. कुठल्याशा लांबच्या शाळेतल्या मुलांनी एक घागर गरागरा फिरवून तिच्या बुडाचं ठिगळ शोधून काढलं आणि ते कुणी लावलं म्हणून विचारलं. आत्याचं तर विचारूच नका. मांडीवर टॅबलेट घेऊन ती सकाळ-संध्याकाळ संग्रहालयात! दोन बोटांनी भांडी मोठी करायची, फिरवायची, आणि भाची घरी आली की चुका काढायच्या. नापास करण्याची ही कला कुठून आली, ते वेगळं सांगायला नको.

पाच महिने कसे सरले ते कळलं नाही. मोठ्या मॅडमनी त्याला बोलावून सांगितलं, की अजून कापडं आहेत, खेळणी आहेत, दोन वर्षांचं काम आहे. थांबणार असाल तर शुक्रवारी पाचच्या आत कळवा. दुसऱ्या एका शहरातूनही त्याला बोलावणं आलं होतं. बुधवारी भिंगं पुसताना त्यानं अगदी सहज विचारावं तसं तिला विचारलं.

“तुमचं काय मत? थांबू का?”

 थांबा… एवढा एकच शब्द म्हणायचा होता, पण तिनं तो गिळून टाकला. हा माणूस सगळ्यांशीच गोड बोलतो. पहारेकऱ्याशी, झाडूवाल्या मावशींशी, एकदा तर जिन्यातल्या पुतळ्याशीही बोलताना तिनं ऐकलं होतं. त्याच्या हसण्याचा आपण भलताच अर्थ लावायचा आणि तोंडघशी पडायचं?

“तो तुमचा प्रश्न आहे,” ती म्हणाली. फोटो नापास करतानाच्या आवाजात.

“खरंय,” तो म्हणाला. या वेळी मात्र तो हसला नाही. “मॅडमना बहुतेक नकारच कळवेन मग.”

त्या क्षणी तिला स्वतःची जीभ चावावीशी वाटली. पण बोललेलं परत थोडंच घेता येतं? ती हातमोजे काढून आपल्या टेबलाकडे गेली.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आत्या खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. टॅबलेट जवळजवळ नाकाला लागलेला.

“अगं, इकडे ये जरा. या किटलीत माणसं आहेत.”

“किटलीत कुठली माणसं, आत्या?”

“दोन आहेत. त्यातली एक तू आहेस.”

ती चप्पल न काढताच धावली. चारशे सतरा नंबरची चांदीची किटली, गोल गरगरीत पोटाची. आत्यानं ती बोटानं फिरवत फिरवत तेविसाव्या फोटोवर आणली आणि मोठी केली. अजून मोठी केली… तंबूचा एक पडदा वर राहिलेला! किटलीच्या पोटात खोली दिसत होती. खिडकी, स्टुलावर वाकलेली ती, हातमोज्याच्या चिमटीत एक धागा. आणि तिच्यामागे तो, हातात बटण घेऊन.

तिला तो दिवस लख्ख आठवला. झाकणावर धागा दिसला म्हणून तिनं पडदा उचलला होता, धागा काढून ती मागे सरली होती. पडदा पाडण्याआधीच त्याच्या बोटानं चुकून बटण दाबलं गेलं असणार. छत्तीसचा आकडा भरला, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

“चेहरे भोपळ्यासारखे फुगलेत,” आत्या म्हणाली, “पण नजर सरळ आहे हो त्याची. किटलीकडे बघत नाहीये तो. कॅमेऱ्याकडेही नाही.”

“आत्या, पुरे.”

“गणित सोपं आहे. तीन गोष्टी होत्या खोलीत. दोन वजा केल्या. उरलं कोण?”

तिनं चष्मा नीट केला आणि वाकून पाहिलं. फोटोतला तो जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा होता, पण त्या दाण्याएवढ्या चेहऱ्यावर एवढी माया होती, की तिचे डोळे भरून आले. आपल्याकडे कुणी असं बघत असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो! तिला आनंद झाला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. उद्या शुक्रवार होता.

“फोटोत चूक आहे,” ती शेवटी म्हणाली. “नियमाप्रमाणे तक्ता भरायला हवा.”

“भर ना मग,” आत्या म्हणाली. “उशीर नको करूस म्हणजे झालं.”

शुक्रवारी दुपारी तो तळमजल्यावरच्या खोलीत पांढऱ्या तंबूची घडी घालत होता. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं. तिनं तक्ता त्याच्यासमोर धरला.  

त्यानं वाचलं. ‘क्रमांक: ४१७, फोटो तेविसावा. दोष: फोटोग्राफरचं लक्ष वस्तूकडे नाही.’ पुढचा रकाना रिकामा.

“म्हणजे?”

तिनं फोन पुढे केला. त्यानं किटली पाहिली, मोठी केली, आणि त्याचे कान लालबुंद झाले. 

“हे… कधी दिसलं तुम्हाला?”

“मला नाही. काल आत्याला.”

“आत्यांना!” त्यानं कपाळाला हात लावला. मग काहीतरी आठवून तो थबकला. “थांबा. हा फोटो तुम्ही पास केलाय. ‘ठीक’ लिहून सही केलीय.”

“केलीय.”

“तुम्ही चौपट मोठं करून बघता. माझ्या फोटोतला केससुद्धा तुमच्या नजरेतून सुटत नाही. मग अख्खा मी कसा सुटलो?”

हाच प्रश्न. रात्रभर तिनं याचंच उत्तर घोकलं होतं… घाई होती, डोळे दुखत होते, वीज येत-जात होती. एकही खरं नव्हतं. तिनं खिडकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“त्या दिवशी तुमचा कॉम्प्युटर बंद पडला होता,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसलात. अगदी शेजारी.”

“हो. मग?”

“मग काय! तुमची बाही माझ्या बाहीला लागत होती. छत्तीस फोटो समोरून गेले माझ्या… आणि मला त्यातला एकही दिसला नाही.”

 त्याच्या काखेतली तंबूची अर्धी घडी आपोआप सुटून खाली पडली.

“परवा विचारलं तेव्हा का नाही बोललात?” त्यानं विचारलं. “मला वाटलं, तुमच्या लेखी मी म्हणजे एकेचाळीस नापास फोटो.”

“आणि मला वाटलं, तुम्ही पुतळ्याशीही असंच बोलता.”

“बोलतो. पण त्याच्याकडे बघत राहिल्यामुळे माझं बटण कधी चुकून दाबलं गेलं नाही.”

आता मात्र ती त्याच्यासमोर, दार वगैरे न लावता हसली. तो बघतच राहिला.

“तक्ता अपुरा आहे,” तक्ता वर धरत तो म्हणाला. “उपायाचा रकाना रिकामा ठेवलात तुम्ही. मोठ्या मॅडमना चालायचं नाही.”

“द्या इकडे.”

तिनं तक्ता घेतला, खिशातलं पेन काढलं आणि आपल्या टपोऱ्या, नीटनेटक्या अक्षरात लिहिलं: ‘फोटोग्राफरनं इथून हलू नये.’

त्यानं ते दोनदा वाचलं.

“किती वेळ? मागच्या खेपेला पाय झोपला होता माझा.”

“मी सांगेपर्यंत.”

“आणि या खेपेला सांगायचं विसरलात तर?”

“विसरणारच आहे,” ती म्हणाली.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना तो मोठ्या मॅडमच्या खोलीत गेला. त्याआधी दोघांनी मिळून तंबू पुन्हा उभारला, तिनं किटली चकतीवर ठेवली, पडदा नीट पाडला आणि त्यानं तेविसावा फोटो परत काढला. तिनं तो चौपट मोठा करून तपासला. तो शेजारी बसलेला असतानाही तपासला. जमलं, पण फार कष्टानं.

दुसऱ्या दिवशी आत्यानं तक्रार केलीच.

“किटली ओकीबोकी दिसतेय गं. आतली माणसं कुठे गेली?”

“चूक होती ती, आत्या. दुरुस्त केली.”

“चांगलं चाललं होतं त्यांचं. मी रोज बघितलं असतं.”

“उद्या रविवार आहे,” ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली. “तो येतोय घरी. चहाला. तुला भेटायला.”

आत्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, टॅबलेट बंद केला आणि बाजूला ठेवून दिला.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आता बोटांनी मोठं करून बघायला नको.”