पानावर न उमटलेली ओळ

सकाळी नऊलाच चौकशी अधिकाऱ्यांना फोन आला. रुग्णालयाच्या वेबपानावर वाचून एका बाईंनी पाच दिवसांपूर्वी घरीच गोळी घेतली होती आणि त्या मरता मरता वाचल्या. ‘किडनीच्या रुग्णांनी घेऊ नये’ हा इशारा पानावर नव्हताच.

अधिकारी गुडघ्यावर हात टेकत उठले आणि रुग्णालयात पोचले. तीस वर्षं लोकांच्या चुका निस्तरून त्यांचा जीव विटला होता.

मजकूर लिहिणारे औषधविभागाचे प्रमुख. तो पानावर चढवणारी त्यांचीच मुलगी. ती बापाकडे पाठ करून बसली होती.

“इशारा का नाही?”

“विसरलो,” प्रमुख म्हणाले. “वय झालं. काढून टाका मला.”

“मूळ फाईल?”

“पुसली काल.”

“जुन्या पानांवर तुमचा प्रत्येक इशारा टोकदार कंसात, सुरुवातीला उद्गारचिन्ह. एकदाही चुकला नाहीत.”

“आता चुकलो ना!”

अधिकारी मुलीकडे वळले. “चढवण्याआधी काय करता?”

“चिन्हं बदलते. टोकदार कंस ब्राउझरला स्वतःसाठीची सूचना वाटतो. म्हणून त्याच्या जागी संकेत घालते, मग तो पानावर दिसतो.”

“याही वेळी?”

“नाही. बाबांचा मजकूर, त्यात काय बघायचं? न वाचताच चढवला. आता पस्तावतेय. चार दिवस मी यांच्याशी बोललेली नाही.”

अधिकाऱ्यांनी पडद्यावर पानामागचा, वाचणाऱ्याला न दिसणारा कच्चा मजकूर उघडला आणि बोट ठेवलं.

<! किडनीच्या रुग्णांनी घेऊ नये >

“इशारा लिहिला होता,” ते थकल्या आवाजात म्हणाले. “चिन्हं बदलली नाहीत, म्हणून ब्राउझरला ती खाजगी टीप वाटली आणि त्यानं ती झाकली. विसरलेला माणूस फाईल पुसत नाही, साहेब. तुम्ही पुसलीत, कारण तीत ही ओळ होती. लेकीकडून काहीतरी राहिलं, एवढं तुम्ही ओळखलंत. ओळ इथंही उरते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं.”

मुलगी वळली. “बाबा, खरं?”

“तुझी नोकरी नवीन आहे,” प्रमुख पुटपुटले. “माझ्या निवृत्तीला तीनच महिने राहिलेत.”

“त्या दिवशी मी तुम्हाला नाही नाही ते बोलले.”

“बोललीस. लागलं मला.”

ती रडली नाही. बापाच्या जबाबाचा कागद तिनं ओढून घेतला, ‘विसरलो’वर काट मारली, खाली ‘चूक माझी’ लिहिलं आणि सही केली.