नीलाच्या बेटावरचे रविवार

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पाऊस नेमका तेव्हाच रुसून बसला होता. जिकडंतिकडं नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या, साहेबलोकांच्या जीपा धुरळा उडवायला लागल्या, पण नळाला पाणी काही आलं नाही. शेषेराव उस्मानाबादच्या कचेरीतून बदलून इथं आला, तेव्हा सिंधूनं मनात केवढे इमले बांधले होते. वाट्याला आल्या त्या पत्र्याच्या दोन खोल्या आणि टँकरपुढची रांग. तरी शेषेराव भला माणूस. सायकलीला घागरी अडकवून दूरच्या विहिरीवरून पाणी आणायचा आणि सिंधूला घागर उचलू द्यायचा नाही. पण भला माणूस रोज घरातच दिसत असला की त्याचं काय कौतुक राहणार?

अशात नीलाचा निरोप आला. ‘रविवारी बेटावर ये. एकटीच ये, तुझ्या लेकीला ऊन बाधेल.’

नीला म्हणजे सिंधूची मामेबहीण, तिच्याहून लहान. सिंधूला वडील नव्हते, म्हणून तिला दाखवण्याचा कार्यक्रम किल्लारीला मामाच्या घरी झाला होता. बघायला आले होते आप्पासाहेब. सिंधू पाटावर मान खाली घालून बसली, आणि पोह्यांच्या बशा घेऊन नीला आतबाहेर करत राहिली. काही दिवसांनी मध्यस्थ होकार घेऊन आला तो नीलासाठी! सिंधूनं हसत नीलाला हळद लावली, मांडवात मिरवली, जेवणावळीत बुंदी वाढली. पण त्या दिवशी तिच्या पोटात जी आग पडली ती काही विझली नाही. नीलाच्या घरी म्हैस आली म्हटलं की इकडं सिंधूचा घास कडू व्हायचा.

पुढं आप्पासाहेबांनी शिरूर अनंतपाळच्या पलीकडच्या एका तलावातलं बेट घेतलं. कोकणातून, केरळातून झाडं आणली. बघून आलेले लोक सांगत आणि सिंधू ‘हो का?’ म्हणून विषय बदलत असे.

‘जा की,’ शेषेराव म्हणाला. ‘तेवढाच तुला बदल. मी पारूला बघतो.’

एसटीतून उतरून ती नीलानं पाठवलेल्या जीपनं तलावावर पोचली, तेव्हा तलाव कसला, भेगाळलेला चिखलच होता. त्या भेगांत शिंपले पांढरे पडले होते. मधोमध मात्र पाण्याचं एक काळसर कडं होतं आणि त्या कड्यात बेट. इतकं हिरवं, की उन्हानं दिपलेल्या डोळ्यांना ते आधी खोटंच वाटलं.

‘बर्री बाई, बर्री,’ असं कानडीत ‘या या’ म्हणत होडीवाल्या मलप्पानं तिला होडीत घेतलं. तोच तिथला माळीही होता. बांबू टेकत त्यानं होडी पलीकडं नेली, पण सबंध वाटेत तिच्याकडं मान वर करून बघितलं नाही.

बेटावर पाय ठेवला आणि ओल्या मातीचा वास आला. सिंधू तो वास विसरूनच गेली होती. सुपारीची उंच झाडं, त्यांना बिलगलेली नागवेल, खाली लाल कर्दळ आणि अबोलीचे ताटवे. अननसाची काटेरी पानं तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिली. सावलीत झोपाळा होता, सतरंजीवर कॅरम मांडला होता, रेडिओ हळू आवाजात गात होता. नीलानं केळीच्या पानावर धपाटे वाढले. मग दोघी पाण्यात पाय सोडून बसल्या.

‘घरी समदं ठीक हाय नं, सिंधुताई?’ नीलानं विचारलं आणि तिच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. अंगावर सोनं होतं, पण डोळ्यांखाली काळं आलं होतं.

‘हाव. तुझी फुला दिसंना?’

‘नांदेडला हाय. आत्याकडं.’ एवढं बोलून नीला उठली. ‘चल, बाग दाखवते.’

सिंधूला एक गोष्ट खटकली. आपल्याकडं भेंडीची चार रोपं लावली तरी लोक काठीवर काळं मडकं उपडं घालतात, कुणाची नजर लागू नये म्हणून. इथं एवढ्या बागेत मडकं नव्हतं, बाहुली नव्हती, लिंबूमिरचीसुद्धा नव्हती. उलट नीला तिला झाडाझाडापुढं उभी करत होती. ‘हे बघ. हे घड बघ. नीट बघ की गं.’

मग सिंधूनंही हात राखला नाही. केळीच्या एका घडाकडं तिनं असं बघितलं, की घड जागेवर काळा पडावा. पडावाच, असं तिला मनापासून वाटत होतं.

पुढच्या रविवारी ती आपण होऊन गेली. आधी केळीकडं वळली. घड काळा पडला नव्हता. दुप्पट झाला होता आणि त्याच्या भारानं केळ जमिनीला टेकायला आली होती.

‘तुमी येऊन गेल्यावर आसं होऊन ऱ्हायलंय,’ मलप्पा मागून म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. ‘पानी तर मी देतच न्हाई.’

ज्याच्याकडं बघून ती जळली ते तरारलं. अबोली पाहिली, अबोली उतू गेली. नागवेल पाहिली, वेलीनं सुपारीचे शेंडे गाठले. सिंधू हट्टाला पेटली. रविवार आला की ती जायची, झोपाळ्यावर बसायची, अननस खायची आणि चहूकडं बघून मनातल्या मनात तडफडायची. तलावातलं पाण्याचं कडं दर खेपेला अरुंद व्हायचं. बाग मात्र दर खेपेला दाट व्हायची.

आणि नीला दर खेपेला विचारायची, ‘घरी समदं ठीक?’

घरी तसं ठीकच होतं. टँकरच्या रांगेत शेजारच्या साखराबाईंनी तिला विचारलं, ‘नवीनच आलाव का ह्या गल्लीत?’ म्हातारीची चेष्टा म्हणून सिंधू हसली. म्हातारी हसली नाही. एका दुपारी शेषेरावानं दोनच ताटं घेतली, पारूला वाढलं, स्वतः जेवायला बसला. सिंधू समोर येऊन उभी राहिली तेव्हा तो दचकला. ‘आरं, तू हाईस की!’ म्हणाला आणि ओशाळून तिसरं ताट घेतलं. सिंधूला रडू आलं. तिकडं नीलाला तळहाताच्या फोडासारखं जपतात आणि इथं आपलं ताटही कुणाच्या ध्यानात राहत नाही! तिची जळजळ आणखी वाढली.

शेवटच्या रविवारी पारूनं दारात तिचा पदर धरला.

‘आई, आज जाऊ नगंस नं.’

‘कामून गं?’

‘तू गेलीस की मला तुझं तोंड आठवत न्हाई.’

सिंधूनं पारूला जवळ घेतलं, तिचे गाल कुरवाळले. वाटलं, नकोच जायला. पण गाडीची वेळ झाली होती, आणि आज अननस पिकले असतील हेही डोक्यात आलं. ‘संध्याकाळी येते. केळी आणते तुला,’ म्हणून तिनं पदर सोडवून घेतला.

त्या दिवशी झोपाळा नाही, कॅरम नाही. नीला काठावरच उभी होती. सिंधूचा हात धरून ती तिला बेटावरच्या बंगलीत, आतल्या खोलीत घेऊन गेली.

खाटेवर फुला होती. नांदेडला वगैरे काही नव्हती. पारूच्याच वयाची पोर, पण अंगात काही उरलं नव्हतं. रेशमी परकर नेसवला होता, गळ्यात सोन्याच्या पुतळ्यांची माळ होती आणि त्या माळेच्या भारानं तिला मान उचलवत नव्हती. श्वास तेवढा चालू होता.

लेकरू असं दिसल्यावर आपल्याकडच्या कुठल्याही बाईचा हात जे करील तेच सिंधूच्या हातानं केलं. तिनं आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि पोरीच्या गालाला तीट लावायला वाकली.

नीलानं तिचं मनगट गच्च पकडलं.

‘तीट नको लावू.’

‘अगं, पोरीला नजर...’

‘नजरच पाहिजे तिला.’ नीलानं मनगट सोडलं नाही. ‘नांदेडचे डॉक्टर झाले, देवऋषी झाले. बागंचं झालं तसं हिचं व्हईल. बघ तिच्याकडं, सिंधुताई. बाग बघतीस तशी बघ.’

म्हणजे हिला सगळं कळत होतं. पहिल्या रविवारपासून कळत होतं. सिंधूला शरम वाटली. तिनं पोरीकडं बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला नीलाचा हेवा वाटेना. हेवा करावा असं तिथं होतं काय? तिला नीलाची दया आली, पोरीची दया आली. डोळे भरून आले.

फुलाचा श्वास अडखळला. ओठ निळे पडले.

‘कीव नको करू!’ नीला ओरडली. ‘तिला सोसत न्हाई!’

‘मग काय करू? न्हाई वाटत मला, नीला. खरंच न्हाई वाटत.’

नीलानं पदरानं तोंड पुसलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘त्यांनी तुलाच पसंत केलं होतं.’

‘काय?’

‘मध्यस्थ तुझाच होकार घेऊन आला होता. माझ्या आईनं त्याला दारातच गाठलं. सिंधूच्या पाठीवर कोड हाय म्हणून सांगितलं आन् माझं नाव पुढं केलं. मी आत उभी होते, मला समदं ऐकू येत होतं. मी काय बोलले न्हाई.’

बाहेर सुपारीची पानं हलत होती. वारा नव्हता.

सिंधूच्या पाठीवर साधा तीळसुद्धा नव्हता.

ती आग पोटातून उठली आणि गळ्यापर्यंत आली. हे घर माझं. ही बाग माझी. हा रेशमी परकर माझ्या लेकीचा. ही पोरसुद्धा माझी असती.

एकदाच तिला पदर धरून उभी असलेली पारू दिसली, ‘तुझं तोंड आठवत न्हाई’ म्हणणारी. डोळे मिटायचे म्हटले असते तर मिटता आले असते.

तिनं मिटले नाहीत.

ती बघत राहिली. पोरीच्या ओठांवर रंग आला. मग गालांवर. गळ्यातली माळ हलली.

फुला उठून बसली.

‘आई, भूक लागली,’ ती म्हणाली.

नीला हुंदके देत सिंधूच्या पायांवर पडली. मग उठली, पोरीला कवटाळलं आणि पाठ फिरवून म्हणाली, ‘जा आता. मलप्पा सोडील तुला.’

आज तिनं घरचं काही विचारलं नाही.

सिंधू लातूरला उतरली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. एसटीत बसल्यापासून तिला पारूचीच आस लागली होती. केळी आणायची विसरली होती, तेवढंच तिच्या मनाला लागत होतं. ती गल्लीतून जवळजवळ पळतच आली.

दारात पारू पाटी घेऊन बसली होती. तिनं वर बघितलं.

‘कोन पाहिजे?’

‘पारू, अगं मी. आई.’

पारूनं पाटी छातीशी धरली आणि आत तोंड करून हाक मारली, ‘बाबा, कोन तर बाई आल्यात.’

शेषेराव हात पुसत बाहेर आला. चांगल्या घरची बाई दिसली म्हणून त्यानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

‘या, बसा,’ तो अदबीनं म्हणाला. ‘लई उन्हातनं आल्यासारख्या दिसताव. पारू, पावण्यांना पानी आण.’

त्या उन्हाळ्यात घरच्या माणसाला एका वेळी अर्धाच पेला मिळायचा. पारूनं आणलेला पेला काठोकाठ भरलेला होता.